मासे येईपर्यंत

१

सांगायचं नव्हतं मला. कोणी विचारलं की मी सरळ म्हणतो, जा बापू, आपलं काम कर. पण सून मागे लागली आहे. म्हणते, "मामाजी, एक डाव सारं सांगून टाका, मंग ते काचेचं खोकं भंगारवाल्याले देऊन टाकू." जसं काही सांगितलं की खोकं हलकं होणार. मी चौथीत शाळा सोडली, मला गोष्ट रचता येत नाही. झालं तसं सांगेन. आणि 'मी, मी' करून सांगणार नाही, त्याने माणूस आपलीच बाजू घेतो. नत्थूजी म्हणून सांगतो. नत्थूजी कोण, हे तांडापेठेतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. मध्ये कोणी बोलायचं नाही.

२

नत्थूजीच्या घराची समोरची खोली म्हणजे मागाची खोली. कोष्ट्याचा माग जमिनीतच असतो. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. डावी, उजवी, डावी, उजवी. त्या एका खड्ड्यात नत्थूजीच्या आजाने पाय सोडले, बापाने सोडले, नत्थूजीने सोडले. मग पॉवरलूम आले आणि माग जळणाच्या भावात गेला. खड्डा विटा-मातीने बुजवला, वर फरशी बसवली. संपलं.

कोष्ट्यात एक रीत आहे. लुगडं विणून झालं की कापून काढायचं, पण ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, वीतभर धागे मागावर तसेच ठेवायचे. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या धाग्याला पीळ देऊन सांधायचा. म्हणजे माग कधी नागडा राहत नाही. नत्थूजीचा बाप म्हणायचा, "रिकाम्या मागावर कोणी ना कोणी येऊन बसते. मंग ते उठत नाही."

सांधायचं काम बायकांचं. नत्थूजीची बायको चंद्रकला डावरी, तिचा पीळ उलटा पडायचा. हजार धाग्यांत तिने सांधलेला धागा नत्थूजी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायचा. आणि नेमकं तेच अंग गेलं. अंगावरून वारं गेलं तिच्या. डावा हात गेला, डावा पाय गेला. खाट समोरच्या खोलीत टाकली, कारण तिथे जरा थंड. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती तिने पडू दिली नाही.

३

खाटेसमोर एक कॅलेंडर होतं. त्यावर नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. चंद्रकला दिवसभर त्यांच्याकडे बघायची.

"असे खरंच असते का, ईश्वर?" तिने एकदा पोराला विचारलं.

ईश्वरदास, त्यांचा एकुलता एक, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. "असते नं, माय. पण समुद्रात. खारं पाणी लागते त्याईले."

"मंग आण नं खारं पाणी. आता मी काय समुद्रावर जातो?"

एवढंच बोलणं. पण पोराने ते मनावर घेतलं. आणीबाणी लागायच्या आधीचा तो उन्हाळा. ईश्वरदासने लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून काचा बसवल्या. रेल्वेतल्या ओळखीच्या गार्डाकडून मुंबईचं समुद्राचं पाणी डबे भरभरून मागवलं, रेती मागवली, कुजका वास मारणारे दगड मागवले. खोलीत सावलीची भिंत एकच. टेबल तिथे मांडलं, बुजवलेल्या खड्ड्यावर, आणि टेबलावर ती पेटी. पाणी गढूळ झालं, मग निवळलं. हवेचा छोटा पंप घुंऽऽ करत बुडबुडे सोडू लागला.

"मासे कुठं आहेत?" नत्थूजीने विचारलं.

"आत्ता नाही, बाबा. दीड महिना नुसतं पाणी ठेवायचं. घाई केली की मासा मरते. आधी पाणी जित्तं व्हावं लागते, मंग त्याच्यात मासा जगते."

"पाणी जित्तं होते? हेच शिकवते का तुमच्या कॉलेजात?"

"काहून? तुम्ही तर सारा जनम धीरानंच काम केलं नं?"

"धीर धरला की लुगडं निघते गा. ह्याच्यातून काय निघन?"

खाटेवरून चंद्रकला म्हणाली, "भांडू नका दोघं. मासे येईपर्यंत थांबीन मी. कुठं नाही जात."

नत्थूजीने ते ऐकून ठेवलं. कारण डॉक्टरने त्या एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका आला की संपलं, आणि तो कधीही येईल. पोरगा म्हणतो थांबा. डॉक्टर म्हणतो वेळ नाही. मधल्यामध्ये नत्थूजी, आणि समोर ती रिकामी पेटी.

४

रिकामं त्याला बघवत नसे. त्यात दोष कोणाचा? ज्याचा जन्म मागावर गेला त्याला विचारा.

सकाळी उठावं तर पेटी. भाकरी खायला बसावं तर पेटी. उजेड पडलेली, पाणी भरलेली, सगळं तयार, आणि आत कोणी नाही. बिछाना घालून ठेवावा आणि पाहुण्याचा पत्ता नसावा तसं. आणि तेही कुठे, तर त्याच खड्ड्यावर.

एके दिवशी ईश्वरदास कामावर गेल्यावर नत्थूजीने भिंतीतल्या देवळीतलं पुडकं काढलं. माग विकला तेव्हा त्यावरचे शेवटचे वीतभर धागे त्याने कापून ठेवले होते, लाल सुताचे. त्यातला एक त्याने पेटीत सोडला. वरचं टोक चौकटीच्या कडेला बांधलं, खालचं पाण्यात.

"हे काय करून राहिले?" चंद्रकलाने विचारलं.

"रिकामं नको म्हणून."

ती हसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. "बरं केलं," ती म्हणाली. "आता कोणाले सांधायचं असन तर जागा झाली."

नत्थूजीला हे तेव्हा थट्टेचं वाटलं. पुढे त्याच्या डोक्यात हा भुंगा फार दिवस राहिला. धागा ठेवतात ते कोणी येऊन बसू नये म्हणून, की कोणी येऊन सांधावं म्हणून? दोन्ही एकाच रीतीत कसं बसतं? बाप मेलेला, विचारायचं कोणाला?

५

मे लागला. नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. माठातलं पाणी संध्याकाळपर्यंत निम्मं व्हायचं. वाळ्याच्या ताट्यांवर बादली मारली की घटकाभरात कोरड्या.

ईश्वरदासने काचेवर लाल रंगाची रेघ ओढून ठेवली होती. "पाणी उडन, मीठ मागं राहीन," त्याने सगळ्यांना बजावलं होतं. "रोज रेघेपर्यंत साधं पाणी मीच टाकीन. तुम्ही हात लावायचा नाही."

आणि पाणी रेघेवरून हललंच नाही.

पहिल्या दिवशी ईश्वरदासला वाटलं बायकोने टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला, पुष्पलताला, विचारलं. ती भडकली. "मले नळावरून घरचं पाणी आणता आणता दम लागते. तुमच्या नसलेल्या मासोळ्याइले कायले पाजू?"

मग नजर नत्थूजीकडे वळली. "बाबा, खरं सांगा. तुम्हीच टाकून राहिले नं?"

"मी कायले टाकू बे?"

ईश्वरदासने कॉलेजातून तरंगणारी काचेची नळी आणली. पाण्यात सोडली की पाणी किती खारं ते कळतं. साधं पाणी कोणी टाकत असतं तर खारटपणा जिथल्या तिथे राहिला असता. तो चढला होता. ईश्वरदासने नळी पुसून पुन्हा सोडून पाहिली.

"कोणी खारं पाणीच टाकून राहिलं," तो हळू म्हणाला. "बरोबर उडते तितकंच."

घरातल्या मिठाची बरणी पाहिली. भरलेली. समुद्राच्या पाण्याचे डबे कधीचे रिकामे होऊन मोरीत पडले होते. नत्थूजीने टेबलाखाली वाकून पाहिलं. फरशी कोरडी ठक्क. मग त्याने मनाची समजूत घातली. खोली थंड आहे, खिडकी बंद आहे, पाणी उडत नसेल. त्याच खोलीतला माठ रोज निम्मा होत होता, हे त्याला दिसत होतं. पण माणूस स्वतःशी बोलताना माठाकडे पाठ करून बसू शकतो.

६

चंद्रकलाचे पाय पुसायचं काम नत्थूजीचं. सुनेला तो ते करू देत नसे. एका सकाळी त्याने चादर बाजूला केली तर तिच्या डाव्या घोट्याभोवती पांढरी रेघ. वाळलेली, खरखरीत, पैंजणासारखी गोल. घामाचं मीठ असेल म्हणून त्याने फडक्याने पुसलं. पण घाम काय एकाच पायाला येतो? आणि घोट्यापर्यंतच?

त्याने बोट चाटून पाहिलं. मग ताबडतोब थुंकला. त्याला पेटीतल्या त्या दगडांचा वास आला.

"काय झालं?" चंद्रकला म्हणाली.

"काही नाही. पाय दुखते का?"

"दुखत नाही. थंड लागते." तिचा चेहरा उजळला. "डावा. सारा दिवस थंड लागते. बरं वाटते."

वर्षभर त्या पायाला टाचणी टोचली तरी कळत नव्हतं.

"तुले भास होऊन राहिला वं," नत्थूजी म्हणाला.

"भास तर भास. तुम्हाले काय त्रास?"

त्या दिवसापासून ती कॅलेंडरकडे बघेनाशी झाली. उशीवर मान वळवून पेटीकडेच बघायची. मधूनमधून हसायची. जेवण कमी झालं. नत्थूजी विचारायचा, काय दिसते? ती म्हणायची, "मासे नाही आले अजून." मग जरा थांबून, "पण रिकामं नाही आहे."

नत्थूजीने पेटी वरून पाहिली, समोरून पाहिली. रेती, दगड, बुडबुडे. त्याचा लाल धागा.

धागा वीतभराचा सोडला होता. आता त्याचं खालचं टोक दिसत नव्हतं. रेतीत गेलं होतं.

७

बुडबुड्यांनी खाली ओढला असेल, त्याने ठरवलं. कोपरापर्यंत हात घातला, धागा धरला आणि वर घेतला. आला. वीतभर आला, हातभर आला, मग येतच राहिला. टेबलावर लाल सुताची ओली गुंडाळी झाली. नत्थूजीच्या बोटांना मध्येच गाठ लागली. गाठ नव्हे, सांधा. त्याने डोळे मिटले. पीळ उलटा होता.

खाटेवर चंद्रकला पडलेली, डावा हात मेलेल्या कबुतरासारखा पोटावर.

त्याने आणखी ओढलं. आता धागा ताठ झाला, मागावर ताणा चढवल्यासारखा. आणि दुसऱ्या टोकाने कोणीतरी, हळूच, ओढ धरली. हिसका नाही. विणणाऱ्याने ताण पाहावा तशी.

"नका ओढू," चंद्रकला म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "तुटंल नं."

नत्थूजीने सोडला. टेबलावरची गुंडाळी सरसर पाण्यात उतरली, कडेवरून, साप बिळात जावा तशी. रेती जरा उडाली आणि बसली.

संध्याकाळी त्याने ईश्वरदासला सांगितलं, ही पेटी मी फेकणार. ईश्वरदास म्हणाला, "बाबा, सहा दिवस काढा. गार्ड मासे घेऊन निघणार आहे. मायचा जीव त्याच्यातच आहे." आणि चंद्रकला म्हणाली, "मी थांबून राहिली नं? तुम्हीबी थांबा." दोघांसमोर नत्थूजीचं काय चालणार? धाग्याचं त्याने पोराला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर परिणाम झाला म्हणाला असता. नत्थूजीलाही तसंच वाटत होतं.

८

मासे यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी लाइन गेली. पंप बंद पडला. इतके दिवस घुंऽऽ चालू होतं तेव्हा कोणाचं लक्ष नसायचं. बंद पडल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. बाहेर लू. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर. वाळ्याच्या ताटीतून थेंब पडणंही थांबलेलं.

आणि तरी पाण्याचा आवाज येत होता. काचेला लागल्यासारखा. एकदा. मग पुन्हा एकदा.

"आता या," चंद्रकला कुजबुजली. "आता पहा. तुम्ही नेहमी उभ्यानं पाहता, म्हणून दिसत नाही. माझ्या बाजूनं निजून पहा."

नत्थूजी खाटेजवळ फरशीवर बसला, मग तिच्या उशीला गाल टेकवून त्याने वर पाहिलं. खालून पाहिलं की पाण्याला वरून झाकण असल्यासारखं दिसतं, आरशासारखं चकचकीत. त्या झाकणातून पाय लोंबत होते.

काठावर बसून खड्ड्यात सोडावे तसे. काठावर वर तर कोणी नव्हतं, भिंत होती. घोट्यापासून खालचं तेवढं पाण्यात. दोन पाय, शेजारी शेजारी, आळीपाळीने खाली जात होते, वर येत होते. घाई नव्हती. एकाच्या बोटात चांदीचं जोडवं होतं, झिजलेलं. ते नत्थूजीने स्वतः इतवारीच्या बाजारातून चंद्रकलासाठी आणलेलं होतं. दुसऱ्यात नव्हतं. दुसरा पाय मोठा होता, टाच रुंद. त्याने अंगठे पाहिले, कोणत्या बाजूला आहेत ते पाहिलं.

दोन्ही पाय डावे होते.

त्याच्या गालाखाली उशी हलत होती. त्याने खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं. चादरीखाली चंद्रकलाचा मेलेला पाय खाली-वर होत होता. त्याच चालीने.

"कोण आहे वं ते?" त्याला वाटलं तो ओरडला. आवाज निघालाच नव्हता. "चंद्रकला, शेजारी कोण बसला आहे?"

ती त्याच्याकडे वळली नाही. नवी नवरी घरातलं काही लपवते तशी गालात हसली.

"हळू बोला," ती म्हणाली.

मग लाइन आली. पंप सुरू झाला, पाणी फुटलं आणि बुडबुड्यांशिवाय काही राहिलं नाही.

९

त्या संध्याकाळी पेटी रस्त्यावर उलटी करायला नत्थूजीला कोणी अडवलं नसतं. त्याने केली नाही. तिचा पाय हलला होता. एका वर्षाने हलला होता. आणि उद्या मासे येणार होते, आणि ती थांबीन म्हणाली होती.

सकाळी ईश्वरदास स्टेशनवर गेला. पुष्पलता नळावर. नत्थूजी उंबऱ्यावर बसला, दोन्ही दिसतील असा, खाट आणि पेटी. त्याचा डोळा लागला असेल तर क्षणभर. आवाज आला तो बादली उलटल्यासारखा.

चंद्रकला खाटेवरच होती, सरळ, डोळे उघडे, मान पेटीकडे. कमरेखालची गादी चिंब. चादर चिंब. खाटेखाली फरशीवर थारोळं. त्याला त्या दगडांचा वास. नत्थूजीने चादरीत हात घालून पाहिलं, दोन्ही घोटे ओले होते. डावाही, उजवाही.

ईश्वरदास आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची फुगलेली पिशवी होती, तिच्यात दोन नारंगी मासे. बापाच्या ओल्या बाह्या, ओली गादी, मेलेली माय. अख्खी गल्ली जमलेली. सगळ्यांसमोर तो बोलला, "तुमच्यात धीर नव्हता, बाबा. तुम्हीच पाणी टाकत होते. काय केलं तुम्ही मायले?"

डॉक्टरने दुसरा झटका लिहिलं. गल्लीने काय ते मनात लिहून घेतलं.

चंद्रकलाचे दिवस झाल्यावर ईश्वरदास एकटा त्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. पेटीतलं पाणी रेघेवरच होतं. गादीत मुरलं होतं ते पाणी अख्ख्या पेटीहून जास्त भरलं असतं. हिशेब त्याला लागला नाही. त्याने बापाचे पाय धरले. "चुकलो बाबा," म्हणाला, आणि गल्लीतही चार जणांना घरोघर जाऊन सांगून आला; तेही येऊन चुकलं म्हणून गेले. म्हणजे त्याचं झालं. पोरगा वाईट नाही.

मासे पेटीत सोडले होते. पेटीच्या एका अंगालाच राहायचे, कोपऱ्यात चिकटून. दुसऱ्या अंगाला कधी गेले नाहीत. पावसाळ्यात मेले.

१०

आता पंप जळून किती वर्षं झाली. लोखंडी चौकट गंजून हाताला पापुद्रे येतात. कोणी थेंबभर पाणी घालत नाही. पाणी रेघेवर आहे. सून म्हणते खोकं उचला. तिला म्हणावं, आधी उचलून बघ.

भर उन्हाळ्यात दुपारी लाइन गेली की नत्थूजी अजून फरशीवर आडवा होतो. गुडघे कुरकुरतात, पण होतो. पाय अजून लोंबतात; डावे, उजवे, आता सारे आहेत. मध्ये मात्र एका माणसाची जागा सोडलेली दिसते, आणि एक लाल धागा तिथे सुटा आहे, सांधायचा राहिलेला. दरवर्षी ती जागा जराशी रुंद होते.

नत्थूजी काही बसत नाही. बसायला हरकत नाही, त्याचाच खड्डा आहे, त्याच्या आजाचा. पण आधी त्याला एक ऐकायचं आहे. थांबीन म्हणून सांगायचं, माणसाला उंबऱ्यावर बसवून ठेवायचं, आणि मासे स्टेशनावर उतरले असताना दुसऱ्या कोणाशेजारी जाऊन बसायचं, ही कोणती रीत? पहिले तेवढं चुकलं म्हण, मग सरकतो.

पोराने माफी मागितली. गल्लीने मागितली. एकीचीच राहिली आहे. चंद्रकलाची.